हेल्मेटसक्ती आणि सायकल

कोलकाता शहराच्या पूर्वेस सॉल्ट लेक नावाची वसाहत आहे. तिचे अधिकृत नाव बिधाननगर. एके काळी येथे खाऱ्या पाण्याची दलदल होती. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने १९६२ साली हुगळी नदीतील गाळ पाण्यासह नळांवाटे आणून ही दलदल बुजवण्यास प्रारंभ झाला. युगोस्लाव्हियाचे नगररचनाकार डोब्रिवोये तोश्कोविच यांच्या आराखड्यानुसार तेथे नवे नगर उभे राहिले. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, चौकांच्या मध्यभागी गोलाकार बेटे आणि इंग्रजी अक्षरांच्या जोड्यांनी ओळखले जाणारे गृहविभाग ही या नगराची वैशिष्ट्ये होत.

सपाट भूमी आणि आखीव रस्ते यांमुळे हे नगर सायकलसाठी सोयीचे आहे. घरोघरी वर्तमानपत्र टाकणारे, दूध पोचवणारे, भाजी व मासळी विकणारे, इमारतींची राखण करणारे आणि बांधकामावर मजुरी करणारे यांपैकी अनेक जण सायकलनेच कामावर येतात. त्यांतील फार थोड्यांच्या डोक्यावर हेल्मेट असते. सुट्टीच्या सकाळी व्यायामासाठी महागड्या सायकलींवरून फेरी मारणाऱ्यांच्या डोक्यावर मात्र ते बहुधा दिसते. एकाच रस्त्यावरील हे दोन सायकलस्वार ध्यानात ठेवले, म्हणजे सायकलच्या हेल्मेटसक्तीचा प्रश्न वरवर दिसतो तितका सरळ नाही, हे कळून येते.

आपल्या देशात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ अन्वये मोटारसायकल व स्कूटर चालवणाऱ्यांना हेल्मेट घालणे बंधनकारक आहे. सायकल हे मोटार वाहन नसल्यामुळे तिला हा नियम लागू होत नाही. ‘मोटारसायकलस्वाराचे डोके तेवढे मोलाचे आणि सायकलस्वाराचे नाही काय?’ असा प्रश्न कोणी विचारला, तर तो अवाजवी म्हणता येणार नाही. जगातील काही देशांनी या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिले आहे. त्या कायद्यांचे लाभ कोणते आणि त्यांची किंमत कोणी मोजली, याचा विचार करूनच आपले मत बनवणे इष्ट ठरेल.

प्रथम लाभांचा विचार करू. सायकलच्या हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारख्या हलक्या पदार्थाचा जाड थर असतो. डोके जमिनीवर आदळले की हा थर दबतो, चिरडतो आणि आघाताचा बराचसा जोर स्वतःवर घेतो. एका क्षणात बसणारा तडाखा त्यामुळे किंचित लांबतो आणि मेंदूपर्यंत पोचणारा हिसका सौम्य होतो. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी २०१६ साली ४० अभ्यासांचा आणि त्यांतील ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांच्या माहितीचा एकत्रित आढावा घेतला. हेल्मेट घातलेल्यांना डोक्याची गंभीर दुखापत होण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांशाने कमी होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तेव्हा ‘हेल्मेटचा काही उपयोग नाही’ असे म्हणणे हा निव्वळ दुराग्रह होय. ज्याला ते मिळू शकते, त्याने ते अवश्य घालावे.

याच विचाराने ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० रोजी सर्व सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. असा कायदा करणारे ते जगातील पहिले राज्य ठरले. एका वर्षात हेल्मेट घालणाऱ्यांचे प्रमाण ३१ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेले. डोक्याला मार लागून मृत्यू पावलेल्या वा रुग्णालयात दाखल झालेल्या सायकलस्वारांचे विम्याचे दावे पहिल्या वर्षी ४८ टक्क्यांनी, तर दुसऱ्या वर्षी ७० टक्क्यांनी घटले. हे आकडे पाहून ऑस्ट्रेलियातील अन्य राज्यांनी लवकरच तिचे अनुकरण केले. १९९४ साली न्यूझीलंडनेही तसाच कायदा केला.

एवढ्यावर हा विषय संपला असता, तर सॉल्ट लेकमध्येच काय, साऱ्या भारतात उद्याच हा कायदा लागू करावा, असे म्हणता आले असते. परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. व्हिक्टोरियात कायदा झाल्यानंतर मेलबर्न शहरात ठरावीक ठिकाणी उभे राहून सायकलस्वारांची मोजणी करण्यात आली. मुले आणि किशोर सायकलस्वारांची संख्या पहिल्याच वर्षी एक तृतीयांशाहून अधिक घटल्याचे तीत आढळले. कोणाला हेल्मेटचा खर्च नको होता, कोणाला ते मिरवणे नको होते, तर कोणाला दंडाची धास्ती होती. कारण काहीही असो, अनेक मुलांनी हेल्मेट घालण्याऐवजी सायकलच सोडली. सायकलच रस्त्यावर आली नाही, तर सायकलचे अपघातही घटणारच. शिवाय त्याच काळात त्या राज्यात वेगमर्यादा मोडणाऱ्यांवर कॅमेऱ्यांची नजर ठेवली जात होती आणि मद्यपी चालकांविरुद्ध मोहीम जोरात होती. त्यामुळे घटलेल्या दुखापतींचे सारे श्रेय एकट्या हेल्मेटला देता येत नाही. काही वाटा हेल्मेटचा, काही आवरलेल्या वेगाचा आणि काही रस्त्यावरून नाहीशा झालेल्या सायकलींचा, असेच म्हणावे लागते.

सायकल सुटली तर बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे की, सायकल चालवणे हा केवळ धोका नसून तो एक व्यायामही आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१० साली या दोहोंचा ताळेबंद मांडला. छोट्या प्रवासासाठी मोटार सोडून सायकल धरणाऱ्या माणसाचे आयुष्य व्यायामामुळे सरासरी ३ ते १४ महिन्यांनी वाढेल, तर अपघातांच्या धोक्यामुळे ते ५ ते ९ दिवसांनी घटेल, असा त्यांचा अंदाज होता. नेदरलँड्समधील रस्ते सायकलस्वारांना अनुकूल आहेत. आपल्या रस्त्यांवर अपघाताचे पारडे याहून जड असणार, हे उघड आहे. तरीही महिने आणि दिवस यांतील अंतर एवढे मोठे आहे की, सायकल सोडल्याने होणारी आरोग्याची हानी हिशेबाबाहेर ठेवता येत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या रस्त्यांवर सायकली पुष्कळ असतात, तेथे मोटारचालकांच्या नजरेला त्यांची सवय होते आणि प्रत्येक सायकलस्वाराच्या वाट्याला येणारा धोका कमी होतो. याउलट, सायकली विरळ झाल्या की, उरलेला एकटादुकटा सायकलस्वार अधिक असुरक्षित होतो.

हेल्मेटच्या सामर्थ्यालाही मर्यादा आहे. युरोपातील मानकानुसार सायकलचे हेल्मेट दीड मीटर उंचीवरून खाली सोडून तपासले जाते. सपाट पृष्ठभागावर आदळताना त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. तोल जाऊन पडलेल्या माणसाचे रक्षण ते करू शकते, ते यामुळेच. परंतु आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० किलोमीटरच्या आघाताशी तुलना केली, तर ताशी ६० किलोमीटरच्या आघातात ती तिप्पट न होता नऊपट होते. भरधाव बस किंवा ट्रक येऊन धडकला, तर थर्मोकोलच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या थराकडून फारशी आशा धरता येत नाही. शिवाय त्या धडकेत छाती, पोट आणि पाय यांचे काय होईल, याचे उत्तर हेल्मेटपाशी नाही.

आता हा भार कोणाच्या शिरावर पडेल, ते पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, तर मोटार ५ टक्के कुटुंबांकडेही नव्हती. सायकल हे प्रामुख्याने कमी उत्पन्नाच्या माणसाचे वाहन आहे. तिला पेट्रोल लागत नाही, परवाना लागत नाही, आणि तिची दुरुस्ती रस्त्याच्या कडेला बसणारा मिस्त्रीही करतो. बसचे रोजचे भाडे वाचते, म्हणून राखणदार सायकल वापरतो. अशा माणसाला हेल्मेटसाठी काही शे रुपये खर्च करावे लागले, तर ते त्याच्या एका दिवसाच्या मजुरीएवढे किंवा त्याहून अधिक होतील. दोन मुलेही सायकलने शाळेत जात असतील, तर तो खर्च तिप्पट होईल. व्यायामासाठी सायकल चालवणाऱ्याला कायद्याने काहीच फरक पडणार नाही, कारण हेल्मेट त्याच्याकडे आधीपासूनच आहे. कायद्याचा बडगा उगारला जाईल तो दुसऱ्यावर.

ही भीती काल्पनिक नाही. सायकलस्वारावर नियम लादला म्हणजे काय होते, याचा अनुभव सॉल्ट लेकच्या शेजारीच घेता येतो. कोलकाता पोलिसांनी वाहतूक सुरळीत व्हावी आणि अपघात टळावेत या हेतूने २००८ पासून शहरातील काही रस्त्यांवर सायकलला बंदी घातली. २०१३ साली ही बंदी १७४ रस्त्यांपर्यंत वाढवण्यात आली. हातगाड्या, सायकल-रिक्षा आणि मालवाहू तीनचाकी यांनाही तिने घेरले. दूधवाले, वर्तमानपत्र विक्रेते आणि छोटे फेरीवाले यांना दंड भरावा लागला किंवा दूरच्या वळणाने जावे लागले. या बंदीविरुद्ध सायकलस्वार रस्त्यावर उतरले आणि पुढे ती काही प्रमाणात शिथिल झाली. २०२० च्या टाळेबंदीनंतर बस आणि रेल्वे अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा याच शहराला सायकलला तात्पुरती मुभा द्यावी लागली. ज्या वाहनाला अडगळ मानले, तेच अडचणीच्या वेळी कामी आले. बिधाननगरचे पोलीस आयुक्तालय २०१२ पासून स्वतंत्र आहे. परंतु कामासाठी रोज हद्द ओलांडणाऱ्या माणसाला कोणता रस्ता खुला आणि कोणता बंद, याचे भान ठेवावेच लागते. त्यात ‘हेल्मेट कुठे आहे?’ या प्रश्नाची भर पडली, तर त्याची वाट आणखी खडतर होईल.

परदेशातील अनुभवही वेगळा नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहर ज्या किंग परगण्यात आहे, तेथील आरोग्य मंडळाने आपला सायकल हेल्मेटसक्तीचा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केला. बेघर आणि कृष्णवर्णीय सायकलस्वारांनाच प्रमाणाबाहेर दंड होत असल्याचे आढळून आले होते. हेल्मेट वापरावे, हा मंडळाचा सल्ला मात्र कायम राहिला. मेक्सिको सिटीने २०१० साली सार्वजनिक सायकल योजना सुरू करताना हेल्मेटसक्ती उठवली. इस्राएलने २००७ साली केलेला कायदा २०११ मध्ये शहरांतील प्रौढांपुरता मागे घेतला. स्वीडनने २००५ पासून केवळ १५ वर्षांखालील मुलांना हेल्मेट बंधनकारक केले आहे. याचा अर्थ, हेल्मेटचे महत्त्व जाणूनही सक्तीला मर्यादा घालणे अनेकांना आवश्यक वाटले.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. मोटारसायकलच्या हेल्मेटसक्तीलाही लोकांनी विरोध केलाच होता. म्हणून ती सोडून द्यावी काय? मराठी वाचकाला या संदर्भात पुण्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे पुढे स्कूटर व मोटारसायकलींचे शहर बनले, आणि जानेवारी २०१९ मध्ये तेथे हेल्मेटच्या काटेकोर अंमलबजावणीविरुद्ध आंदोलनही झाले. परंतु ती सक्ती योग्यच आहे. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ४४.५ टक्के लोक दुचाकी मोटार वाहनांवरील होते. यंत्राच्या बळावर वेग घेणाऱ्याने त्या वेगाची जबाबदारी घ्यावी, असे सांगण्याचा समाजाला अधिकार आहे. शिवाय हेल्मेटच्या कंटाळ्याने कोणी मोटारसायकल सोडली, तर समाजाचे काही नुकसान होत नाही. सायकलचे तसे नाही. ती धूर सोडत नाही, जागा थोडी व्यापते आणि दुसऱ्याचा जीव क्वचितच घेते. तिचा त्याग केला गेला, तर तोटा सर्वांचा होतो. त्याच वर्षी मृत्यू पावलेल्यांत सायकलस्वार सुमारे ३ टक्के, तर पादचारी १९.५ टक्के होते. तरीही पादचाऱ्याने हेल्मेट घालावे, असे कोणी म्हणत नाही. पादचाऱ्यासाठी पदपथ हवा, हे सर्वांना पटते. मग सायकलस्वारासाठीही प्रथम सुरक्षित रस्ता का मागू नये?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सक्ती गरिबाला जाचते हे खरे. पण मेंदूची दुखापतही गरिबालाच सर्वाधिक उद्ध्वस्त करते. घरातील कमावता माणूस अंथरुणाला खिळला, तर उपचारांसाठी कर्ज होते, मुलांची शाळा सुटते आणि घरातील बाईवर दुहेरी भार पडतो. दंडाच्या भीतीने का होईना, त्याने हेल्मेट घातले असते, तर हे टळले असते, असे म्हणणाऱ्याच्या बोलण्यात तथ्य आहे. सक्ती नसेल, तर वाचू शकणारी काही माणसे वाचणार नाहीत, ही सक्ती नाकारण्याची किंमत आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. परंतु या युक्तिवादातून हेल्मेट गरिबापर्यंत पोचले पाहिजे, हे सिद्ध होते; त्याच्यापर्यंत दंडाची पावती पोचली पाहिजे, हे सिद्ध होत नाही. पश्चिम बंगाल सरकारने २०१५ साली ‘सबुज साथी’ योजना सुरू केली आणि तिच्याद्वारे नववी ते बारावीच्या लाखो विद्यार्थ्यांना सायकली दिल्या. अशा प्रत्येक सायकलबरोबर एक चांगले हेल्मेट दिले आणि ते नीट कसे बांधावे हे शाळेत शिकवले, तर कोणालाही न दटावता एक पिढी हेल्मेटला सरावेल. वर्तमानपत्रे आणि वस्तू घरोघरी पोचवण्यासाठी सायकलस्वार नेमणाऱ्यांनी त्यांना हेल्मेट पुरवावे, असा नियमही करता येईल. सायकलच्या शर्यतींत तर ते अनिवार्य असावेच.

याहूनही मोठे काम रस्त्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वाहनांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. वेग कमी केला, तर त्याचा लाभ सायकलस्वाराला, पादचाऱ्याला आणि मोटारचालकालाही होतो, आणि त्यासाठी कोणाला काही विकत घ्यावे लागत नाही. सॉल्ट लेकला या बाबतीत जन्मतःच अनुकूलता लाभली आहे. जुन्या कोलकात्यातील चिंचोळ्या रस्त्यांवर सायकलसाठी वेगळी जागा काढणे कठीण आहे. सॉल्ट लेकचे रस्ते मात्र रुंद आहेत. त्यांच्या कडेला उभ्या राहणाऱ्या मोटारींना शिस्त लावली, गृहविभागांतील वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवला, चौकातील बेटांपाशी सायकलस्वाराला आधी जाऊ दिले आणि रात्री पुरेसा उजेड ठेवला, तर बरेच अपघात होण्यापूर्वीच टळतील. शेजारच्या न्यू टाउनमध्ये काही रस्त्यांच्या कडेला सायकलमार्ग आखले गेले आहेत. जे तेथे होऊ शकते, ते येथेही होऊ शकते. नेदरलँड्समध्ये फार थोडे लोक नित्याच्या प्रवासात हेल्मेट घालतात. तरीही सायकलस्वारांसाठी तो जगातील सर्वांत सुरक्षित देशांपैकी एक गणला जातो. तेथील सुरक्षितता प्रामुख्याने रस्त्यांच्या रचनेतून आली आहे.

रस्ता सुधारणे खर्चाचे आणि वेळखाऊ काम आहे. हेल्मेटसक्तीचा कायदा मात्र एका अधिसूचनेने होतो. म्हणूनच तो शासनाला मोहात पाडतो. त्यामुळे काहीतरी केल्याचे समाधान मिळते आणि अपघात झालाच, तर ‘त्याने हेल्मेट घातले नव्हते’ असे म्हणून दोष जखमी माणसावर ढकलता येतो. गाडी भरधाव का होती, रस्त्यावर दिवे का नव्हते, सायकलला जागा का नव्हती, हे प्रश्न मग मागे पडतात.

सारांश, सायकल चालवताना हेल्मेट घालणे शहाणपणाचे आहे, आणि ज्याला शक्य आहे त्याने दुसऱ्या कोणी सांगण्याची वाट पाहू नये. मुलांना ती सवय लावणे हे पालकांचे व शाळेचे कर्तव्य आहे. परंतु आजच्या स्थितीत प्रत्येक सायकलस्वारावर कायद्याने हेल्मेट लादणे न्याय्य ठरणार नाही. ज्याच्याकडे दुसरे वाहन नाही, त्याला दंड करण्यापूर्वी त्याच्यासाठी सुरक्षित रस्ता करावा, भरधाव वाहनांचा वेग आवरावा आणि हेल्मेट त्याच्या हाती द्यावे. एवढे केल्यानंतरही सक्तीची गरज उरली, तर तिचा विचार जरूर व्हावा. तोपर्यंत कायद्याने आपला पहिला प्रश्न सायकलस्वाराला विचारू नये. ज्यांच्या वेगामुळे आणि ज्यांच्या दुर्लक्षामुळे त्याचा जीव धोक्यात येतो, त्यांना विचारावा.